घरचे शिक्षण आणि अंगणातील सवंगडी

मुलाला शाळेत न घालता घरीच शिकविले तर काय बिघडेल, असा प्रश्न शहरांतील काही सुशिक्षित पालक अलीकडे विचारू लागले आहेत. खेड्यातही तो विचारला जातो, पण निराळ्या शब्दांत. अंगणवाडी वाड्यापासून लांब, वाटेत पावसाळ्यात भरून वाहणारा ओहोळ. तीन-चार वर्षांचे पोर घरी राहिले तर असे काय मोठे अडणार आहे? घरात आजी आहे, थोरली बहीण आहे आणि आता मोबाईलवर मुळाक्षरांची गाणीही आहेत. शहरातील पालक मुलाला विचारपूर्वक घरी ठेवतो, खेड्यातील पालक अडचणीपोटी ठेवतो. मुलाच्या वाट्याला मात्र दोन्हीकडे घरच येते.

या प्रश्नाची चर्चा बहुधा अक्षरांपाशी आणि अंकांपाशी अडकून पडते. वस्तुतः त्या बाबतीत काळजीचे कारण थोडेच. एक जाणते माणूस आणि एक मूल, असा योग कोणत्याही शाळेत लाभत नाही. तो घरी लाभतो. आईने चुलीपाशी बसून मणी मोजायला शिकविले, आजोबांनी ओटीवरील रेतीत बोटाने अक्षर गिरवून घेतले, तर मूल ते शिकते, आणि पुष्कळदा शाळेतल्या मुलाच्या आधी शिकते. खरा प्रश्न दुसराच आहे. तीन ते सहा वर्षांच्या वयात मूल आणखी एक विद्या शिकत असते, जी पाटीवर लिहून दाखविता येत नाही. आपल्याएवढ्याच दुसऱ्या जिवाबरोबर कसे राहावे, ही ती विद्या होय. ती घरात कितपत मिळते, शाळेत कितपत मिळते, आणि जेथे मिळत नाही तेथे काय करावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

समवयस्क सोबती काय शिकवितो?

घरातील मोठी माणसे मुलाशी खेळतात तेव्हा ती जाणूनबुजून हरतात. आजी दाराआड लपते, पण लुगड्याचा पदर बाहेर राहील अशी खबरदारी घेऊन. बाबा शर्यतीत मागे पडतात. लाडवाचा मोठा तुकडा मुलाच्या हाती येतो. मुलाने अर्धा शब्द उच्चारला की आई तो पुरा करून घेते. हे सारे मुलाला हवेच असते. या मायेच्या आधारावाचून मूल बाहेरच्या जगात पाऊल टाकीत नाही. परंतु शेजारचे चार वर्षांचे पोर यांतले काहीच करीत नाही. त्याला तीच करवंटी हवी असते आणि आत्ताच हवी असते. त्याला अर्धा शब्द कळत नाही, म्हणून पुरता बोलावा लागतो. ते हरायला तयार नसते. ते रागावून घरी निघून जाऊ शकते, आणि मग खेळच उरत नाही. आई रागावली तरी आई राहते. सवंगडी मात्र टिकवावा लागतो, हा शोध मुलाला प्रथम येथे लागतो.

स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी जिनिव्हा व न्यूशातेल येथील मुलांच्या गोट्यांच्या खेळाचा बारकाईने अभ्यास केला आणि मुलांच्या नैतिक जाणिवेवरील आपल्या १९३२ च्या ग्रंथात तो मांडला. त्यांच्या असे ध्यानात आले की, पाचएक वर्षांपर्यंतची मुले एकत्र बसून गोट्या खेळत असली तरी प्रत्येक जण स्वतःपुरताच खेळत असतो. सारेच एकदम जिंकू शकतात. सात-आठ वर्षांच्या सुमारास त्यांना समान नियमांची गरज वाटू लागते. लहान मुलाला खेळाचा नियम वाडवडिलांनी घालून दिलेला, न बदलणारा वाटतो. मोठ्या मुलाला कळते की, सर्वांची संमती असेल तर तो बदलताही येतो. हा पालट वडिलांच्या उपदेशाने होत नाही. तो बरोबरीच्यांशी खेळताना, भांडताना आणि पुन्हा जुळवून घेताना होतो, असे पियाजे यांचे प्रतिपादन आहे. मोठ्यांचे ऐकणे आणि बरोबरीच्यांशी ठरविणे या दोन वेगळ्या गोष्टी होत. पहिली घरात शिकता येते. दुसरीला बरोबरीचे कोणी तरी लागते.

याची साक्ष काढण्यास जिनिव्हापर्यंत जाण्याची गरज नाही. आपल्याकडील मुलांच्या खेळांत सामाजिक व्यवहाराची एक पुरी शब्दसंपत्तीच साठविलेली आहे. खेळ सुरू होण्यापूर्वी मुले हाताचे तळवे उलटेसुलटे टाकून ‘सुटतात’ किंवा ‘चकतात’, आणि ज्याच्यावर राज्य येते त्याने ते मुकाट्याने घ्यावयाचे असते. ठेच लागली, चप्पल निसटली की ‘टॅम्प्लीज’ म्हणून खेळ थांबविता येतो आणि प्रतिपक्ष तो थांबवितो. कट्टी होते; मध्यस्थामार्फत बट्टीही होते. यांत सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे ‘लिंबूटिंबू’. धाकटे भावंड खेळायचा हट्ट धरून बसते; त्याला घेतले तर खेळ बिघडतो, न घेतले तर ते रडते. तेव्हा त्याला लिंबूटिंबू म्हणून घेतात. ते साऱ्यांबरोबर धावते, ओरडते, बाद मात्र होत नाही आणि त्याच्यावर राज्य येत नाही. दुर्बळाला सामावून घ्यावे पण खेळही मोडू नये, ही तडजोड कोणत्याही शिक्षकाने शिकविलेली नाही. पोरांनी पोरांकडून ती पिढ्यान् पिढ्या उचलली आहे. आणि जो आज लिंबूटिंबू असतो तोच दोन-तीन वर्षांनी दुसऱ्या कोणाला लिंबूटिंबू म्हणून घेतो. एकाच वयाच्या मुलांना एका वर्गात कोंडणाऱ्या व्यवस्थेत मात्र या गोष्टीला जागाच राहत नाही, हे शाळेच्या कैवाऱ्यांनीही लक्षात घ्यावयास हवे.

येथे पालकांच्या मनातील एक गैरसमज दूर करणे इष्ट ठरेल. दोन-अडीच वर्षांचे मूल चार मुलांत नेऊन सोडले आणि ते बाजूला उभे राहून नुसते पाहत बसले, तर आई-वडील खंतावतात. मूल ‘एकलकोंडे’ निघाले असे म्हणतात. अमेरिकेतील मिनेसोटा येथील बालशाळेत मिल्ड्रेड पार्टेन यांनी केलेली निरीक्षणे १९३२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांनुसार मूल आधी एकटे खेळते, दुसऱ्यांचा खेळ पाहत उभे राहते, मग दुसऱ्याच्या शेजारी बसून तोच खेळ पण आपापला खेळते, पुढे वस्तूंची देवघेव करीत खेळते आणि सर्वांत शेवटी कामे वाटून घेऊन एकोप्याने खेळते. पाहत उभे राहणे हाही शिकण्याचाच भाग होय. भातुकलीत ‘तू आई, मी बाबा, हा दुकानदार’ असे ठरविण्याइतकी मजल मारावयास मुलाला वेळ लागतो, आणि तो वेळ पुन्हा पुन्हा भेटणाऱ्या त्याच त्या सोबत्यांत जावा लागतो. रविवारी बागेत भेटलेल्या अनोळखी गर्दीचा यास फारसा उपयोग नाही.

घरी शिकलेली मुले

घरचे शिक्षण ही काही आजची टूम नव्हे. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील मराठीचे शिक्षण पुष्कळ काळ सरकारी व्यवस्थेच्या बाहेरच चालले. घरांच्या ओट्यांवर, देवळांच्या अग्रशाळांत शेणवीमामा मुले घेऊन बसत आणि धूळपाटीवर अक्षरे गिरवून घेत. हे शिक्षण घरचे होते खरे. पण ते एकट्या मुलाचे नव्हते. ज्याच्या ओट्यावर शाळा भरे त्याच्या मुलाबरोबर आजूबाजूच्या घरांतील मुलेही येत. धडा संपला की हीच मुले देवळाच्या आवारात खेळत. त्या काळचा जातिभेद व मुलींच्या शिक्षणाची उपेक्षा ध्यानी घेता या व्यवस्थेचा फार गौरव करण्याचे कारण नाही. ओट्यावर कोणाला चढू दिले जात होते आणि कोणाला नाही, हे ठाऊकच आहे. तथापि घरी शिकणे म्हणजे एकट्याने शिकणे, हे समीकरण तेव्हा नव्हते, एवढे खरे.

रवींद्रनाथ ठाकूर यांचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते. शाळेत ते रमले नाहीत; जोडासांकोच्या वाड्यातच त्यांचे बहुतेक शिक्षण झाले. घरच्या शिक्षणाचे समर्थक येथेच थांबतात. पण त्याच रवींद्रनाथांनी आपल्या बालपणीच्या आठवणींत सांगितले आहे की, श्याम नावाचा नोकर त्यांना एका जागी बसवून भोवती खडूचे वर्तुळ काढी आणि त्याबाहेर पाऊल टाकल्यास संकट ओढवेल असा धाक घाली. सीतेची कथा ऐकलेले ते मूल ती रेषा ओलांडण्यास धजत नसे. खिडकीतून दिसणारे तळे, तेथे स्नानास येणारी माणसे आणि वडाचे झाड एवढेच त्याचे बाहेरचे जग. शिकवणीला बरोबर थोरला भाऊ आणि भाचा होता, हे त्यातले सुदैव. पुढे १९०१ मध्ये त्यांनी शांतिनिकेतनात शाळा काढली तेव्हा पहिल्या मोजक्या विद्यार्थ्यांत त्यांचा स्वतःचा मुलगाही होता. शाळेच्या भिंतींना कंटाळलेल्या या माणसाने आपल्या मुलासाठी भिंती टाळल्या, पण सोबती टाळले नाहीत.

आधुनिक अर्थाने गृहशिक्षणाची चळवळ वाढली ती अमेरिकेत. रेमंड व डोरोथी मूर या दांपत्याने १९७५ मध्ये ‘बेटर लेट दॅन अर्ली’ हे पुस्तक लिहून लहान मुलांना घाईने शाळेत घालण्यास विरोध केला. आठ ते दहा वर्षांपर्यंत औपचारिक शिक्षणाची घाई नको, असे त्यांचे म्हणणे. जॉन होल्ट हे मुळात शाळाशिक्षक. त्यांनी १९७७ मध्ये या विषयाला वाहिलेले नियतकालिक सुरू केले आणि १९८१ मध्ये ‘टीच युवर ओन’ हा ग्रंथ लिहिला. मुलांच्या सामाजिक वाढीचे काय, या प्रश्नाला होल्ट यांनी उलट सवाल केला. शाळेत मुलांना जे सामाजिक जीवन मिळते ते स्पर्धेचे, कंपूबाजीचे आणि एकमेकांस हिणविण्याचे असते. ते मिळाले नाही तर मुलाचे नुकसान कोणते? हा सवाल झणझणीत आहे, आणि ज्याने मधल्या सुटीत शाळेच्या मागच्या बाजूस काय चालते ते पाहिले आहे त्याला तो सहज उडवून लावता येणार नाही.

याबाबत झालेल्या अभ्यासांपैकी लॅरी शायर्स यांचा १९९२ चा अभ्यास वारंवार उल्लेखिला जातो. आठ ते दहा वर्षांची ७० घरी शिकणारी व ७० शाळेत जाणारी मुले खेळताना व काम करताना पाहण्यात आली. कोणते मूल कोठले हे निरीक्षकांना सांगितलेले नव्हते. स्वतःविषयीच्या कल्पनेत दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. आरडाओरड, मारामारी, दांडगाई यांसारखे प्रकार मात्र घरी शिकणाऱ्या मुलांत कमी आढळले. एकूण, घरी शिकलेले मूल माणूसघाणे होते ही समजूत या अभ्यासाने खोटी ठरविली. परंतु त्यातून किती अनुमान काढावे याला मर्यादा आहे. अशा पाहणीस आपण होऊन तयार होणारे पालक हे मुळात जागरूक, सवड असलेले पालक असतात. आपल्या मुलाला सोबती मिळावेत म्हणून ते आधीच खटपट करीत असतात. शिवाय ती मुले आठ-दहा वर्षांची होती, तीन-चार वर्षांची नव्हती. गृहशिक्षणाने मूल बिघडत नाही एवढे यातून दिसते. नुसते घरी ठेवल्याने मूल घडते, असे मात्र दिसत नाही.

निरनिराळ्या देशांनी याबाबत निरनिराळे धोरण पत्करले आहे. अमेरिकेत गृहशिक्षणास सर्व राज्यांत मुभा आहे. जर्मनीत शाळेत जाणे सक्तीचे आहे, आणि त्याविरुद्ध एका जर्मन कुटुंबाने केलेली तक्रार युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००६ मध्ये दाखल करून घेतली नाही. भिन्न विचारांच्या कुटुंबांतील मुलांनी लहानपणापासून एकत्र वाढण्यात समाजाचे हित आहे, ही जर्मन न्यायालयांची भूमिका होती. आपल्या देशात १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेला शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलांना लागू होतो. त्याखालील वयाच्या मुलांसाठी बालसंगोपन व शिक्षणाची तरतूद करण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे राज्यघटनेचा अनुच्छेद ४५ सांगतो. पालकावर सक्ती नाही. म्हणजे तीन ते सहा वर्षांचे मूल घरी ठेवावे की बाहेर पाठवावे हे सर्वस्वी पालकाच्या हाती आहे, आणि म्हणूनच तो निर्णय समजून घेऊन होणे अगत्याचे आहे.

बोर्डीचे अंगण

घर की शाळा, या वादाला महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील एका गावात फार पूर्वी वेगळेच उत्तर सापडले होते. ताराबाई मोडक यांनी १९२३ पासून भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे काम केले, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली, आणि १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील, आता पालघर जिल्ह्यात असलेल्या बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले. अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या. शहरातील सुखवस्तू मुलांपुरती राहिलेली माँटेसोरी पद्धती खेड्यातील गरीब मुलांपर्यंत नेणे, हा हेतू होता.

केंद्राची बालवाडी सुरू झाली, पण ज्यांच्यासाठी ती होती ती मुले येईनात. हरिजनवाड्यातील आणि आदिवासी पाड्यांवरील आया पहाटेच कामावर जात. मुलाला न्हाऊमाखू घालून वेळेवर बालवाडीत आणून सोडण्यास घरात कोणी नसे. चार-पाच वर्षांच्या मुलीच्या कडेवर धाकटे भावंड असे. ते टाकून ती कशी येणार? आणि गावच्या मध्यवस्तीत पाऊल टाकण्याचा संकोच होता तो वेगळाच. तेव्हा ताराबाईंनी विचार उलटा केला. मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडीने मुलाकडे जावे. सेविका साहित्य घेऊन वस्तीत जाऊ लागल्या आणि तेथल्याच एखाद्या अंगणात मुलांना जमवू लागल्या. हात-पाय धुणे, नखे कापणे, केस विंचरणे येथपासून आरंभ होई. मग गाणी, गोष्टी, खेळ. महागड्या साहित्याऐवजी बिया, शिंपले, पाने, माती अशा तेथेच मिळणाऱ्या वस्तू वापरात आल्या. धाकटे भावंडही तेथेच खेळे. अंगणात भरणारी म्हणून ती अंगणवाडी. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले, तेव्हा गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणापर्यंत गेली व तिला कुरणशाळा हे नाव मिळाले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने ३३ प्रकल्पांनिशी एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू केली. त्या योजनेतील केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळून बोर्डीचा शब्द देशभर गेला.

शब्द गेला, त्यामागचा विचार कितपत गेला, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. बोर्डीच्या अंगणात मुलाचे घर सुटत नव्हते. आजी ओसरीवर बसलेली, चूल पेटलेली दिसे, रडू आले तर धावत जावयाला घर चार पावलांवर. पण मूल एकटेही नव्हते. वस्तीतली निरनिराळ्या वयांची पंधरा-वीस मुले भोवती होती आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणारे, पण पदोपदी मध्ये न पडणारे एक जाणते माणूस होते. मारिया माँटेसोरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेंझो या गरीब वस्तीत पहिले ‘बालगृह’ उघडले तेही राहत्या चाळीतच, आईबापांच्या खोल्यांच्या खाली. त्यांच्या पद्धतीत प्रत्येक साधनाचा एकच संच ठेवण्याचा दंडक आहे. दुसऱ्याचे होईपर्यंत मुलाने थांबावे, हा त्यामागील हेतू. साधने कमी असणे ही प्रत्येक वेळी उणीव नसते, हे आपल्या अंगणवाड्यांना सुचविण्यासारखे आहे. अर्थात कमी साधने आणि मुळीच साधने नसणे यांत फरक आहे.

टाळेबंदीची दोन वर्षे

घरी ठेवलेल्या मुलांचे काय होते, याचा अनुभव सर्वांनीच घेतला. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे शाळा व अंगणवाड्या बंद झाल्या आणि लहान मुलांसाठी त्या सुरळीत सुरू होण्यास जवळजवळ दोन वर्षे गेली. २०२० मध्ये जे मूल चार वर्षांचे होते ते बालवाडीचे तोंड न पाहता पहिलीच्या उंबरठ्यावर आले. कोणी योजिले नव्हते असे गृहशिक्षण घरोघरी घडले.

त्यानंतर शाळेत आलेल्या मुलांविषयी शिक्षक जे सांगतात त्यात अक्षरओळखीची तक्रार असतेच. पण त्याआधी दुसऱ्याच गोष्टी येतात. मुले आपली पाळी येईपर्यंत थांबू शकत नव्हती. शेजारच्याच्या पेन्सिलीला हात लावण्यापूर्वी विचारावे लागते हे त्यांना ठाऊक नव्हते. धक्का लागला की मारणे किंवा रडणे, मधला मार्ग नाही. काहींना मोबाईलवरील इंग्रजी गाणी तोंडपाठ होती, पण बाईंनी नाव विचारले तर ती आईकडे बघत. ज्या वाड्यांवर साथीच्या काळातही मुले राजांगणात, अंगणात, काजूच्या बागेत एकमेकांत खेळत राहिली, त्यांची गोष्ट निराळी. सदनिकेच्या बंद दाराआड वाढलेल्या एकुलत्या मुलाला बसला तसा फटका त्यांना बसला नाही, हे साधे निरीक्षण कोणत्याही अनुभवी शिक्षकाकडून ऐकावयास मिळेल. घर दोन्हीकडे होते. अंगण एकीकडेच होते.

पालकांनी आणि सेविकांनी काय करावे?

जे पालक मुलाला विचारपूर्वक घरी शिकवू इच्छितात त्यांना अडविण्याचे कारण नाही. पुढे दहावीची परीक्षा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत देता येते. तिला वयाची किमान अट चौदा वर्षांची आहे. पण तीन ते सहा या वयात त्यांनी वेळापत्रक आखताना अक्षरांच्या आधी सोबत्यांचा विचार करावा. दोन-तीन शेजारघरांतील मुले रोज तास-दोन तास एकत्र यावीत. मुले तीच असावीत, जागा तीच असावी. वय थोडे मागेपुढे असले तर अधिक चांगले. सारी मुले एकाच थरातील, एकाच जातीची, एकाच भाषेची असतील तर अंगणाचा निम्मा लाभ गेला. मोठ्या माणसाने जवळ असावे, पण हाताशी काहीतरी काम घेऊन बसावे. तांदूळ निवडीत बसलेली आजी या कामी उत्तम. दोन मुलांत एका चेंडूवरून ओढाताण सुरू झाली की उठून दुसरा चेंडू आणून देण्याचा मोह होतो. तो आवरावा. हाणामारीवर आले तरच मध्ये पडावे. एरवी ती ओढाताण हाच त्या दिवसाचा धडा असतो.

अडचणीमुळे मूल घरी ठेवणाऱ्या पालकांची गोष्ट वेगळी आहे. तेथे उपदेश पालकाला करून भागणार नाही. ओहोळापलीकडील सात घरांची मुले अंगणवाडीत येत नसतील तर आठवड्यातून दोन दिवस अंगणवाडीने ओहोळ ओलांडावा. ज्या गोष्टीवरून हे नाव पडले ती गोष्ट पुन्हा करावयाची, एवढेच. तशी मुभा सेविकेला देणे हे पर्यवेक्षिकांच्या व अधिकाऱ्यांच्या हाती आहे. आज सेविकेचा बराच वेळ नोंदींत जातो. मुलाचे वजन, उंची, हजेरी, आहार या साऱ्यांची नोंद मोबाईलवरील पोषण ट्रॅकरमध्ये होते, आणि ती होणे आवश्यकच आहे. कुपोषित मूल खेळत नाही. पण आज मूल कोणाबरोबर खेळले, कोणते मूल महिनाभर कोपऱ्यात बसून आहे, याला रकाना नाही. ज्याला रकाना नाही त्याकडे तपासणीच्या वेळी कोणी पाहत नाही, हा सरकारी कामकाजाचा नेहमीचा अनुभव होय. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत स्तर मानला आणि खेळातून शिक्षणावर भर दिला. केंद्र सरकारने २०२३ मध्ये ‘पोषण भी, पढाई भी’ हा कार्यक्रम अंगणवाड्यांसाठी हाती घेतला. या ‘पढाई’चा अर्थ हाताची घडी, तोंडावर बोट आणि मुळाक्षरांचा घोष असा घेतला गेला, तर ती मुले अंगणवाडीत असूनही एकटीच राहतील. रांगेत मुकाट्याने बसलेली वीस मुले ही सोबत नव्हे.

जे मूल येऊ शकत नाही

घरीच शिकण्यावाचून गत्यंतर नाही अशीही मुले आहेत. शिक्षण हक्क कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या सुधारणेने बहुविकलांग व तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी राहून शिक्षण घेण्याचा पर्याय दिला. म्हणजे कायद्याने घरच्या शिक्षणाचा स्पष्ट शब्दांत उल्लेख केला तो या मुलांपुरता. समग्र शिक्षा योजनेखाली विशेष शिक्षक अशा मुलांच्या घरी जातात, व्यायाम करून घेतात, शिकवितात. ही व्यवस्था चांगली आहे; पण तिच्यामुळे मुलाकडे जे येते ते आणखी एक मोठे माणूस. शेजारची मुले या घराकडे आपण होऊन फिरकत नाहीत. कधी भीती असते, कधी त्यांच्याच आयांनी अडविलेले असते.

शाळेच्या पटावर या मुलाचे नाव असते. त्याच्या वर्गातील दोन मुलांना विशेष शिक्षकांनी जाताना बरोबर न्यावे, दर खेपेस तीच दोन मुले न्यावीत, आणि पहिल्या दोन-तीन खेपांना ती नुसती दारात उभी राहून पाहत राहिली तरी हरकत घेऊ नये. कोसबाडच्या सेविकांना आदिवासी पाड्यांवर हेच करावे लागले होते. मुले प्रथम झाडाआडून पाहत. चौथ्या-पाचव्या खेपेस एखादे मूल बरोबर पत्ते किंवा सागरगोटे आणते. खाटेवरच्या मुलाला सागरगोटे झेलता येत नाहीत. मग थोडा विचार होतो, आपसात कुजबुज होते आणि कोणी तरी म्हणते, तू मोज, आम्ही खेळतो. चुकलो तर तू सांगायचे. मोजणारा चुकीचे मोजतो. त्यावरून भांडण होते.